आवाज घ्यायलोय

मागच्या दिवाळीत मिरजेला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. तसं फार काही घडलं नाही. सकाळी आईने दूध आणायला पाठवलं आणि मी पिशवी घेऊन सवयीने स्टेशनवर गेलो. (दूध, पेपर, केस कापणं, काहीही असो, मिरजेच्या माणसाचा रस्ता स्टेशनवरूनच जातो, असं माझी बायको म्हणते.) फलाटाचं छप्पर संपतं आणि नुसती फरशी उरते, तिथे टोकाला एक मुलगा उभा होता. बारा-तेरा वर्षांचा, शाळेची ट्रॅकपँट, पायात स्लिपर. हातात मोबाइल आणि मोबाइलला काळ्या स्पंजची टोपी घातलेला इवलासा माईक. समोर पुण्याकडे जाणारी गाडी उभी. पांढऱ्या अंगावर लाल पट्टा ओढलेलं विजेचं इंजिन, वर तारेला टेकलेला पँटोग्राफ, आणि पोटातून पंख्यांची एकसुरी घरघर. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. सिग्नल झाला, हॉर्न वाजला, गाडी हलली. आणि मला काय सुचलं कोण जाणे, जाणत्या माणसाच्या थाटात मी सुरू केलं, ‘पूर्वी इथून डिझेल सुटायचं ना, तेव्हा बाहेरच्या टपरीवरचे ग्लास वाजायचे. ह्यांना काय, आवाजच नाही.’

पोराने मान वळवली नाही. फक्त डावा हात वर केला, चौकातला पोलीस करतो तसा. शेवटचा डबा गेला, रुळांची थरथर थांबली, तेव्हा कुठे हात खाली आला. ‘काका, आवाज घ्यायलोय. तुमचं बोलणं आलं त्यात.’ रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं. मग त्याने मोबाइल कानाला लावून पहिल्यापासून ऐकलं आणि मलाही ऐकवलं. एक बारीक सूर चढत चाललेला, आणि बरोब्बर तो भरात यायच्या वेळी एक घोगरा, पोक्त आवाज म्हणतोय, ‘ह्यांना काय, आवाजच नाही.’

दूध आणायचं राहिलं ते राहिलंच.

त्यानंतर आम्ही बाकावर बसलो, म्हणजे त्याने मला बसवून घेतलं. त्याच्याकडे अशा शंभरावर फिती आहेत. फिती हा माझा शब्द, तो ‘क्लिप’ म्हणतो. हे डब्ल्यूएपी-सेव्हन जातीचं इंजिन, नागपूरच्या अजनी शेडचं. तारेतले पंचवीस हजार व्होल्ट इंजिनात उतरवून घेतात, मग ती वीज तोडून-जोडून मोटरांना हवी तशी करून देतात, आणि त्या तोडण्या-जोडण्याचाच तो सूर असतो, वेगाबरोबर वर सरकणारा. ही तोडजोड करणाऱ्या स्विचांची जुनी जात जीटीओ, नवी आयजीबीटी. जुन्या जीटीओवाल्या इंजिनांचा सूर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो, नव्या आयजीबीटीवाल्यांचा पातळ आणि सलग. ‘हे नवं होतं काका. जीटीओवालं असतं तर तुम्हालाही ऐकू आलं असतं.’ या ‘तुम्हालाही’वर मी बराच वेळ विचार करत होतो. मग त्याने एक सुस्कारा टाकला आणि म्हणाला, ‘आता निळे डबे पण गेले. मी लहान असताना होते.’ तो लहान असताना! त्या निळ्या डब्यांच्या जातीचा, म्हणजे आयसीएफचा, शेवटचा डबा चेन्नईतल्या पेरांबूरच्या कारखान्यातून बाहेर पडला तो २०१८ मध्ये, आणि धावते डबे त्यानंतरही बरीच वर्षं दिसत राहिले. पण त्याच्या चेहऱ्यावर मी ओळखू शकेन अशी हळहळ होती. मला तर ते निळे डबे नवेच वाटायचे. नव्वदच्या दशकात गडद लाल जाऊन निळा रंग आला, तेव्हा मीच म्हणालो होतो की पाण्याच्या टाकीला देतात तसला रंग दिलाय.

माझ्या लहानपणी मिरजेच्या स्टेशनात तीन मापांचे रूळ होते. पुण्या-कोल्हापूरची ब्रॉडगेज, बेळगाव-लोंढ्याकडे जाणारी मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूरकडे धावणारी अडीच फुटी नॅरोगेज. मुंबईहून गोव्याला निघालेली माणसं इथे उतरून गाडी बदलायची. पहाटे ट्रंका, होल्डॉल, पेंगुळलेली पोरं आणि हमालांची आरडाओरड, असा सगळा लोंढा एका फलाटावरून दुसऱ्यावर जायचा. आम्हा पोरांना ती जत्राच. आषाढीच्या दिवसांत नॅरोगेजच्या टपावरही माणसं बसायची, आणि गाडी इतकी हळू चालायची की एखादा वारकरी खाली उतरून, तंबाखू मळून, पुन्हा चढेल असं वाटावं. आता सगळं एकाच मापाचं झालं आहे. गाडी बदलावी लागत नाही, आणि हे चांगलंच आहे, हे मला कळतं. तरी फलाटावर उभं राहिलं की नजर उगाच अरुंद रूळ शोधत राहते.

माझे वडील, अण्णा, हायस्कुलात गणित शिकवायचे आणि त्यांचा जीव वाफेच्या इंजिनात होता. पुणे-मिरज ही मीटरगेज होती तेव्हाचा प्रवास ते जेवताना कधीही सुरू करायचे. १९७१ मध्ये ब्रॉडगेज आली, तिच्याबरोबर डिझेल आलं, आणि अण्णांच्या लेखी तिथेच रेल्वे संपली. पुढची वीस-पंचवीस वर्षं गाडीच्या नावाने जे काही चाललं होतं ती त्यांच्या मते ट्रकची वाहतूक होती. ‘वाफेचं इंजिन श्वास घेतं. हे नुसतं खोकतं,’ असं म्हणायचे. संध्याकाळी फिरायला म्हणून मला मीटरगेजच्या बाजूला न्यायचे. तिथे अजून वायपी जातीची वाफेची इंजिनं होती. पाणी भरायच्या नळाची ती सोंड, तिच्या टोकातून ठिबकणारं पाणी, राखेच्या खड्ड्यातली विझत आलेली लाली, गरम तेलाचा आणि ओल्या कोळशाचा मिळून एक वास. गाडी सुटताना मोठी चाकं जागच्या जागी घसरायची, भकभकभक असा एकदम उमाळा यायचा, मग ड्रायव्हर वाफ आवरायचा आणि पुन्हा शांतपणे एक, दोन, तीन. अण्णा त्या वेळी माझा हात घट्ट धरायचे. मी घसरेन म्हणून नव्हे. इंजिन घसरतंय म्हणून.

मला मात्र वाफेच्या इंजिनाची थोडी लाज वाटायची. वर्गातल्या पोरांना ते म्हातारं वाटायचं आणि मलाही. माझं दैवत ब्रॉडगेजच्या फलाटावर उभं असायचं, डब्ल्यूडीएम-टू हे डिझेल इंजिन. सोळा सिलिंडर, सव्वीसशे अश्वशक्ती. उभं असताना त्याची ती ढबक्-ढबक् लय छातीच्या पिंजऱ्यात ऐकू यायची, कानात नंतर. ड्रायव्हरने नॉच (ताकद वाढवायच्या दांड्याची एक पायरी) ओढला की आधी काळ्या धुराचा एक लोट, कारण डिझेल लगेच पोचतं आणि टर्बोला वेग घ्यायला दोन क्षण लागतात, आणि मग त्या धुरामागून आवाज. ज्या अमेरिकन अल्को कंपनीचं हे मूळ इंजिन, तिने १९६९ मध्ये इंजिनं बनवणं बंद केलं. वाराणसीच्या कारखान्यात त्यानंतर कितीतरी वर्षं ती बनत राहिली. मालक गेल्यावर आचाऱ्याने घराण्याची चव टिकवावी, तसं काहीसं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण ठाऊक असतं तर अण्णांशी वाद घालताना वापरलं असतं.

एका बाबतीत आमचं एकमत होतं. मिरजेहून पुण्याला जाताना अण्णा मनगटावरचं एचएमटी काढून हातात धरायचे आणि मला म्हणायचे, ‘मोज.’ तेव्हा रूळ तेरा मीटरचे असायचे आणि दर सांध्यावर चाकाचा खटका वाजायचा. सत्तेचाळीस सेकंदांत जितके खटके, तितके ताशी किलोमीटर. गणित सोपं आहे, तेरा गुणिले तीन पूर्णांक सहा दशांश. पण ते सोडवून दाखवायला अण्णांना किर्लोस्करवाडी ते ताकारी एवढा वेळ लागायचा, कारण मध्येच ते खिडकीबाहेर बघत राहायचे. बासष्ट, चौसष्ट, एकदा त्र्याहत्तर मोजले तेव्हा त्यांनी समोरच्या अनोळखी गृहस्थांनाही सांगितलं. आता रूळ जोडून सलग केलेत, खटका फक्त सांध्याबदलाच्या जागी येतो. परवाच्या त्या पोराने मोबाइलवर वेग दाखवणारं ॲप दाखवलं, त्यात दशांशही होता. मी त्याला सत्तेचाळीस सेकंदांची गोष्ट सांगितली. त्याने तोंडातल्या तोंडात गुणाकार केला, मान डोलावली आणि म्हणाला, ‘भारी आहे हे.’ अण्णांनी त्याला पैकीच्या पैकी दिले असते.

या सगळ्यात आई कुठेच नाही, आणि ते तिने स्वतःच ठरवलेलं आहे. तिच्यापुढे वाफेच्या इंजिनाचं नाव काढलं की ती साडीची भोकं काढते. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाताना नव्या साडीला ठिणगीने पडलेलं भोक तिला अजून आठवतं, आणि डोळ्यात गेलेला कोळशाचा कण, जो पदराच्या टोकाने अण्णांना काढता आला नाही. ‘तुम्ही इंजिन बघत होता. मी डब्यात बसले होते,’ हे तिचं वाक्य. आमच्या आळीत एक निवृत्त ड्रायव्हर राहतात. तीस वर्षं डिझेलवर होते. अल्कोच्या आवाजाबद्दल मी एकदा त्यांच्यापुढे भरभरून बोललो. ते शांतपणे ऐकत होते, निदान मला तसं वाटलं. मग त्यांनी उजवा कान पुढे केला आणि म्हणाले, ‘ह्या बाजूने बोला, डावा गेलाय.’ त्यांना कुठलं इंजिन आवडतं असं विचारलं तर म्हणाले, ‘ज्यात एसी चालतो ते.’

मी तिथून उठलो आणि सरळ घरी आलो.

अण्णांच्या तक्रारीचे शब्द आणि माझ्या तक्रारीचे शब्द सारखेच आहेत, हे मला फलाटावरच्या त्या फितीने कळलं. ‘आवाज नाही.’ सारखेच शब्द, फक्त इंजिन एक पिढी पुढचं. आणि गंमत म्हणजे हे गावागावावर अवलंबून आहे. पुण्यात दरवर्षी १ जूनला डेक्कन क्वीनचा वाढदिवस होतो, केक कापतात, इंजिनाला हार घालतात. एका वर्षी मी तिथे होतो. पंचाहत्तरीचे एक गृहस्थ घाटातल्या खेकड्याबद्दल बोलत होते. खेकडा म्हणजे डब्ल्यूसीजी-वन, जुनं स्विस धाटणीचं विजेचं इंजिन, चाकांना जोडलेले दांडे हलवत, कण्हत चालणारं. ते आठवून त्यांचा गळा दाटून आला. विजेच्या इंजिनासाठी! क्वीन १९३० मध्ये सुरू झाली तीच विजेवर. तिकडे माणसं पंधराशे व्होल्टच्या डीसीसाठी हळहळतात, जी २०१५ मध्ये मुंबईच्या मुख्य मार्गावरून गेली. पुण्याच्या पलीकडे वीज ही घरातली आजी आहे. आमच्याकडे ती काल आलेली सून, आणि आम्ही तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवतोय. पुणे-मिरज मार्गावर खांबांचे खड्डे खणले जात होते तेव्हा मी प्रत्येक फेरीत खिडकीतून ते मोजायचो, गावाला वेढा पडत असल्यासारखे.

भाषा मात्र कुणाच्याच बाजूने उभी राहत नाही, ती सगळंच जवळ ठेवते. माझी पाच वर्षांची भाची वंदे भारत बघून ‘झुकझुकगाडी’ म्हणते. सप्टेंबर २०२४ पासून ती गाडी मिरजेवरून जाते, तिला वेगळं इंजिनही नाही, मोटरी डब्यांच्याच पोटात. तरी झुकझुक. हॉर्नला आई शिट्टी म्हणते. आणि सिग्नल हिरवा झाला की फलाटावरचा चहावाला अजून म्हणतो, ‘पडला, पडला.’ सिग्नल पडायचा तेव्हा खांबावर हात होता, तो खाली पडला की गाडीला वाट. आता दिवा लागतो, पडत काहीच नाही. त्या पोरालाही मी विचारलं, ‘पडला म्हणजे काय रे?’ तो म्हणाला, ‘म्हणजे ग्रीन.’

त्या दिवशी स्टेशनवरून परत येताना दर्ग्याच्या बाजूने आलो. तिथे सतारमेकर गल्लीत सकाळी भोपळे उन्हात मांडलेले असतात. एका दुकानात तानपुऱ्याची जवारी लावणं चाललं होतं. घोडीचा पृष्ठभाग कानसेने केसाएवढा घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. सुराला जी झणक येते ती तार आणि घोडीच्या त्या निसटत्या स्पर्शातून. मला वाटलं, हेच. अल्कोला जवारी होती, नव्या इंजिनाचा सूर बिनजवारीचा आहे. फार खूश झालो मी या उपमेवर. दुकानातल्या चाचांना सांगितलीही. त्यांनी कानस खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. ‘जवारी पहले कान में लगती है,’ म्हणाले, आणि पुन्हा घासू लागले. मागे दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. १९३७ मध्ये गाडीने पाँडिचेरीला निघाले असताना त्यांना बरं वाटेना, सिंगापेरुमल कोइल नावाच्या लहानशा स्टेशनवर ते उतरले आणि फलाटावरच गेले. लहानपणी ही गोष्ट अण्णांनी सांगितली तेव्हा माझा प्रश्न होता, ‘मग गाडी थांबली का?’ अण्णा उत्तर न देता बराच वेळ चालत राहिले होते.

‘तुमचं बोलणं आलं त्यात’ हे वाक्य मात्र पाठ सोडेना, आणि त्याला कारण होतं. अगदी अस्संच वाक्य मी एकदा अण्णांना ऐकवलं होतं, रडत रडत. १९८९ ची मे महिन्याची सुट्टी. मामाचा टेपरेकॉर्डर घरी आला होता. आईची भजनांची एक कॅसेट होती, तिच्या कडेच्या तुटलेल्या भोकांत कागदाचे बोळे कोंबून मी ती पुन्हा रेकॉर्डिंगला तयार केली. रात्री जेवणं झाल्यावर अण्णांना घेऊन स्टेशनवर गेलो, कोल्हापूरहून येणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस टेप करायला. आणि ऐन गाडी सुटताना अण्णा बोलले. काय बोलले? माझ्या आठवणीत पक्कं होतं, ‘ह्याला काय आवाज म्हणायचा?’ त्यावरून मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नव्हतो. पस्तीस वर्षं ही गोष्ट मी अशीच सांगत आलो. बायकोला, मित्रांना, अण्णा असताना त्यांच्या देखत. ते हसायचे. नाही म्हणाले नाहीत कधी.

कॅसेट माळ्यावर सापडली, जुन्या वेळापत्रकांच्या गठ्ठ्यात. फितीला पांढरी बुरशी आली होती. पुण्यात एकजण अशा कॅसेटी साफ करून संगणकावर घेऊन देतात, त्यांच्याकडे दिली. तीन आठवड्यांनी फाइल आली. रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून बसलो.

सुरुवातीला भजनाची शेवटची ओळ, टाळांसकट. मग खटका. मग एकदम फलाट: चहाची हाळी, कुणाचं तरी मूल रडतंय, लांबवर मीटरगेजची शिट्टी, बारीक आणि ओली. जवळच डिझेल, ढबक्-ढबक्, टेपमध्ये ते फार लहान वाटतं, डब्यात कोंडल्यासारखं. शेजारी कुणीतरी माणूस गाडीच्या उशिरावर तावातावाने बोलतोय, कुणाच्या तरी लग्नाला जायचंय त्याला. हॉर्न वाजतो. आणि मग अण्णा. अकरा वर्षांनी तो आवाज कानात आला तेव्हा मी हेडफोन काढून ठेवले, पाणी प्यायलो, आणि पुन्हा मागे नेऊन लावलं.

‘जरा हळू बोला की. पोरगं टेप करतंय.’

‘कशाचं?’ तो माणूस विचारतो.

‘इंजिनाचं.’

दुसरी बाजूही ऐकली, सगळी. ते वाक्य कुठेच नाही. परत येताना रस्त्यात म्हणाले असतील. किंवा कधीतरी एरवी म्हणाले असतील, आणि मी ते उचलून इथे चिकटवलं असेल. अण्णांच्या त्या ‘इंजिनाचं’नंतर कुणी बोलत नाही. तो लग्नाला निघालेला माणूसही नाही. नॉच चढतो, फीत थोडी चिरकते, डबे एकामागून एक जातात, आणि प्रत्येक खटका स्पष्ट ऐकू येतो, मोजता येतील इतका. मग फलाट रिकामा झाल्याचा आवाज. मग अण्णा विचारतात, ‘झालं?’

‘झालं,’ मी म्हणतो, आणि बटण दाबतो.